पॅन सरळगावला का अडकला? : अवजड व अवाढव्य मालाच्या रस्ता-परवान्याविषयी थोडेसे



२०२४ च्या हंगामाआधी आपल्या कारखान्याचा नवा पॅन खाली मुरबाड तालुक्यात सरळगावजवळ तेरा दिवस रस्त्याकडेला उभा होता, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. कारण मात्र प्रत्येक गट ऑफिसात वेगळे ऐकू येते. कोणी म्हणतो पोलिसांनी चिरीमिरीसाठी अडवला, कोणी म्हणतो संचालक मंडळाने ट्रेलरचे भाडे थकवले. वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी तर आम्हांला तोंडावरच विचारले, "साहेब, एक डबा घाट चढवून आणायचा, त्याला तेरा दिवस?" सभेत सविस्तर उत्तर देण्यास वेळ नव्हता, म्हणून ते येथे देत आहोत. उसाच्या बेण्याबद्दल लिहिणाऱ्या माणसाने ट्रेलरबद्दल का लिहावे, असे कोणास वाटेल. त्याचे कारण साधे आहे. इंजिनिअरिंग खात्याची सगळी मंडळी ओव्हरहॉलिंगमध्ये गुंतलेली होती. आम्ही मूळचे शहापूर तालुक्यात किन्हवलीकडचे, तिकडचे रस्ते आणि माणसे ओळखीची, म्हणून कार्यकारी संचालकांनी आम्हांस खाली धाडले. तेरापैकी नऊ रात्री आम्ही त्या ट्रेलरजवळ काढल्या.

पॅन म्हणजे ज्यात पाक आटवून साखरेचा दाणा धरतात ते भांडे. आपला पॅन ४.४ मीटर व्यासाचा, वजन सुमारे २८ टन. आता बघा, २८ टन हे काही फार मोठे ओझे नव्हे. योग्य ट्रेलरवर ते कायद्याच्या मर्यादेत सहज बसते. अडचण होती ती रुंदीची व उंचीची. आपल्या देशात रस्त्यावरच्या मोटार वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू नये असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९३ व्या नियमाचा दंडक आहे, आणि उंचीची मर्यादा वाहनाच्या प्रकाराप्रमाणे साधारण चार मीटरच्या आसपास येते. म्हणजे आपला पॅन हलका पण अवाढव्य. याउलट टर्बाइन किंवा मिलचे हाउसिंग आकाराने आटोपशीर पण जड. दोन्हींना परवाना लागतो, पण परवाना देणारा तपासतो ते वेगळे. अवाढव्य मालाला तारा, झाडे, बोगदे, वळणे आणि कमानी बघतात. जड मालाला पूल बघतात.

असा परवाना कोणत्या मालाला मिळतो, ही गोष्ट सभासदांनी नीट ध्यानात घ्यावी. जो माल तोडून, सुटा करून नेता येत नाही त्यालाच तो मिळतो. पॅन कापून दोन गाड्यांत घालता येत नाही. सिमेंटची पोती, वाळू, आपला ऊस हे सगळे दोन खेपांत नेता येते, म्हणून त्यांना जादा भाराचा परवाना मागायला कोणत्याच ऑफिसात जाता येत नाही. उसाकडे आम्ही शेवटी येऊच.

आपले प्रकरण असे झाले. पॅन कोकणपट्टीतल्या एका वर्कशॉपात तयार झाला. तेथून कर्जतवरून मुरबाड, मुरबाडहून सरळगाव, टोकावडे आणि माळशेज घाट चढून वर, असा मार्ग वाहतूकदाराने धरला. अंतर कमी, डिझेल कमी. परवान्याच्या अर्जात मालाची उंची लिहिली ४.४ मीटर. ती पॅनची उंची. पण पॅन हवेतून येत नाही, तो ट्रेलरच्या पाटावर बसतो, आणि लो-बेड ट्रेलरचा पाट झाला तरी जमिनीपासून मीटरभर उंच असतो. म्हणजे खरी उंची ५.४ मीटर. ही एक मीटरची चूक अर्ज लिहिणाऱ्याने केली, ज्याने सही केली त्याने वाचली नाही, आणि आपल्या कारखान्यात त्या कागदाची प्रत आली तेव्हा आम्हां कोणालाही ती दिसली नाही. आम्हांलाही नाही, हे कबूल करतो.

सरळगावच्या अलीकडे तपासणीत टेप लावली गेली आणि कागद व माल जुळेना. परवान्यात लिहिलेल्या मापापेक्षा माल मोठा म्हणजे तो परवाना त्या मालाचा नाहीच. गाडी बाजूला घेतली. ड्रायव्हर आम्हांला म्हणाला, "साहेब, एक मीटरसाठी काय अडवतात हो? रात्री काढतो की गुपचूप." आम्ही त्याला मोटारसायकलवर मागे बसवून माळशेज घाटात नेले आणि तिथला बोगदा दाखवला. एस.टी. सहज जाते, ट्रक जातो, म्हणून तो कोणाच्या लक्षात राहत नाही. पण बोगद्याची उंची मधोमध मोजायची नसते. गोल पाठीचा, साडेचार मीटर रुंदीचा माल कमानीला दोन्ही खांद्यांवर लागतो. ड्रायव्हर बराच वेळ वर बघत उभा राहिला. परत येताना एक शब्द बोलला नाही. रात्री गुपचूप काढला असता तर पॅन घाटात अडकला असता, मागे घेण्यास जागा नाही, आणि कल्याण-अहिल्यानगर रस्ता बंद पडला असता.

म्हणून मार्ग बदलणे आले. मुरबाडला परत फिरायचे, शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली या ५४८ अ क्रमांकाच्या महामार्गाने शहापूर गाठायचे, तेथून मुंबई-आग्रा रस्त्याने खर्डी, कसारा घाट आणि वर. मार्ग बदलला की परवाना नवा. राष्ट्रीय महामार्गावरील पुलांसाठी परवानगी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडून, तिचा अर्ज आता संगणकावरून होतो. आपल्या कारखान्याचा शेवटचा रस्ता राज्याच्या बांधकाम खात्याचा, म्हणून त्यांच्या कार्यकारी अभियंत्यांचे वेगळे पत्र. विजेच्या तारांसाठी महावितरण, वेळ व बंदोबस्तासाठी पोलीस. एका ऑफिसचा कागद दुसऱ्या ऑफिसात चालत नाही याचा राग आम्हांलाही आला. पण शहापूर रस्त्यावर आम्ही वायरमनबरोबर हिंडलो तेव्हा निम्मा राग गेला. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि अकरा के.व्ही.ची ६.१ मीटर उंच असावी असा नियम आहे. आपली उंची ५.४, म्हणजे कागदावर दोन वीत जागा उरते. प्रत्यक्षात तारेला झोळ असतो, खांब कललेला असतो, आणि रस्त्यावर डांबराचे थर चढून रस्ताच वर आलेला असतो. पाच ठिकाणी लाइन बंद करून तारा वर घ्याव्या लागल्या. भात पसवण्याचे दिवस होते, उकाडा मरणाचा, आणि आपल्या साखरेसाठी त्या वाड्यांतले पंखे बंद. तरी एकाही बाईने तक्रार केली नाही. एका म्हातारबाबांनी विचारले फक्त, "एवढ्या मोठ्या हंड्यात काय शिजवता रे?"

मुरबाड आणि शहापूर यांच्यामध्ये काळू आणि भातसा या दोन नद्या आहेत. आपला माल वजनाने नियमात असल्यामुळे पुलांचा प्रश्न कागदावर लवकर सुटला. पण जड मालाच्या वेळी पूल हाच खरा मुद्दा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसने नव्या पुलांच्या आखणीसाठी अति-अवजड वाहनाचा जो नमुना धरला आहे त्याचे एकूण वजन ३८५ टन आहे. ऐकून वाटते, मग आपल्या दहा-वीस टनांनी काय होते! पण त्या वाहनाला अटी बघा. पुलावर त्यावेळी दुसरे एकही वाहन नको. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत, म्हणजे माणसाच्या चालीने. पुलाच्या मध्यरेषेपासून ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभराहून जास्त बाजूला सरकायचे नाही. पुलावर ब्रेक नको, वेग वाढवणे नको. आणि ते वजन डझनावारी आसांवर वाटलेले. पूल एकूण आकडा बघत नाही, कोणत्या आसावर किती आणि कोठे, हे बघतो. परवान्यातल्या अटी ज्याला सरकारी काचपट वाटतात त्याने हे एकदा समजून घ्यावे.

तेरा दिवसांचे दुःख करणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी एक मोठे यंत्र महाराष्ट्रातून रस्त्याने गेले. वजन ७० टन, उंची ७.५ मीटर, रुंदी ६.६५ मीटर, गाडीला ७४ चाके. ८ जुलै २०१९ रोजी निघालेली ती गाडी १९ जुलै २०२० रोजी पोहोचली. मध्ये टाळेबंदी आली हे खरे, पण रस्ता दुरुस्त करणे, झाडे तोडणे, तारा उचलणे यातच बराच काळ गेला. चार राज्ये ओलांडायला वर्ष लागले.

आपल्याला तेरा दिवसांची किंमत मोजावी लागली, ती लपवत नाही. पॅन उशिरा बसला, हंगामाच्या सुरुवातीला गाळप कमी ठेवावे लागले, आणि ज्यांच्या आडसाली उसाला तुरा आला होता त्यांचे वजन घटले. त्या सभासदांचा आमच्यावरचा राग आम्ही ऐकून घेतला आहे.

त्या नऊ रात्रींतली एक आम्ही विसरलो नाही. ट्रेलर साइडपट्टीवर उभा, मागचा लाल दिवा बॅटरी उतरल्याने विझलेला. टोकावड्याकडून एक तरुण मोटारसायकलवर आला, त्याला पॅनची काळी पाठ दिसलीच नाही. अगदी शेवटी त्याने हँडल फिरवले आणि भातखाचरात गेला. चिखल होता म्हणून खरचटण्यावर निभावले. तो उठून आमच्याकडे आला, शिवी देईल असे वाटले. म्हणाला, "काका, निदान एक कंदील तरी लावा." तोंडात मारल्यासारखे झाले. कारण आपल्या हद्दीत हंगामात रोज रात्री बिनादिव्याचे किती ट्रेलर उभे असतात, हे आमच्याइतके कोणास ठाऊक?

आता उसाकडे. ट्रॅक्टरच्या ट्रेलरला आर.सी. बुकात भरलेल्या गाडीचे एकूण वजन लिहिलेले असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११३ सांगते की त्याच्या वर भार नको, आणि ते ट्रेलरलाही लागू आहे. तपासणी अधिकारी पुढच्या मार्गापासून १० किलोमीटरच्या आतल्या काट्यावर गाडी नेऊन वजन करायला लावू शकतो आणि जादा माल ड्रायव्हरच्या जबाबदारीवर उतरवायला सांगू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूने, मागे किंवा उंचीने बाहेर आला तर त्याचे वेगळे २०,०००. दंड चालवणाऱ्यालाच नव्हे, चालवायला लावणाऱ्यालाही आहे, आणि ड्रायव्हर मालक नसेल तर मालकाला हे माहीत होते असे कोर्ट धरू शकते.

हिशेब मांडून बघू. पाच टन जादा ऊस घातला. २०२५-२६ हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, म्हणजे पाच टनांचे १७,७५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक अजून वजा व्हायची आहे. दंड ३०,००० रुपये. जादा ऊस फुकट दिला असता तरी परवडले असते.

"पण साहेब, रोज कुठे धरतात?" हे आम्हांला माहीत आहे. रोज धरत नाहीत. रस्ता मात्र रोज धरतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून मोजणी केली. आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते असे त्यात आढळले. भार दुप्पट तर झीज सोळापट. ट्रकच्या चार टायरच्या एका आसाला २०१८ पासून ११.५ टनांची मर्यादा आहे. त्यावर १५ टन टाकले तर झीज जवळपास तिप्पट होते. आपल्या शिवारातला रस्ता दोन हंगामांत का फुटतो, याचे उत्तर ठेकेदाराच्या डांबरात असेल तसे आपल्या ट्रेलरमध्येही आहे.

आणि रस्त्यावर येण्याआधी तो ट्रेलर आपल्याच फडातून बाहेर पडतो. ओल्या जमिनीत जादा भरलेल्या ट्रेलरच्या चाकोरीत खोडव्याचे फुटवे कसे विरळ येतात ते कोणीही आपल्या रानात जाऊन बघावे. जमीन दाबली जाते, पाणी साचते, बुडखे चेंगरतात. तिथे दंड घ्यायला कोणी अधिकारी येत नाही, तो पुढच्या वर्षी वजनकाट्यावर वसूल होतो.

मोळ्या बाजूच्या फळ्यांबाहेर लोंबू नयेत, मागे लाल कापड व लाल पट्ट्या असाव्यात, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर मागे दिवा लावल्याशिवाय ड्रायव्हरने जागा सोडू नये, असे शेतकी विभागाने वाहतूक ठेकेदारांच्या करारात यंदा घातले आहे. ज्या सभासदांचे स्वतःचे ट्रॅक्टर-ट्रेलर ऊस वाहतुकीस लागणार आहेत त्यांनी दोन्ही ट्रेलरच्या आर.सी. बुकांच्या प्रती बॉयलर पेटण्याआधी आपल्या गट ऑफिसात द्याव्यात. त्यातील वजन चिटबॉयच्या वहीत प्रत्येक ट्रेलरपुढे लिहिले जाईल. लाल परावर्तक पट्ट्या गट ऑफिसात मिळतील. त्या चिकटवण्याआधी ट्रेलरचे फाळके धुऊन कोरडे करावे, चिखलावर त्या टिकत नाहीत.