वाळवंटातली बाग आणि हीट ट्रान्सफर

वडिलांच्या नोकरीमुळे आमचं घर जोधपूरला. हे सांगितलं की होस्टेलवर हमखास प्रश्न येतो, "तिकडे झाडं उगवतात का रे?" उगवतात! घरामागच्या १५ बाय २० फुटांच्या तुकड्यात आई भेंडी, वांगी, टोमॅटो, पालक घेते. आणि जिथे पालक उगवतो, तिथे तणही उगवतं आणि किडेही येतात. आईची अट एकच, विषारी औषध घरात आणायचं नाही. कारण धाकटी बहीण टोमॅटो तोडते आणि न धुताच खाते. या अटीत राहून आमच्याकडे जे उपाय चालतात, त्यांतलं बरंचसं आपण वर्गात शिकतो. म्हणून हा लेख.

पहिलं गणित पाण्याचं. जोधपूरला वर्षाचा सरासरी पाऊस ४०० मि.मी.च्याही आत. शहराला पाणी येतं ते इंदिरा गांधी कालव्याचं, आणि तो कालवा निघतो थेट पंजाबात, सतलज-बियासच्या संगमाजवळच्या हरिके बंधाऱ्यापासून. इतक्या लांबून आलेलं पाणी तणाला का पाजायचं? आई वाफे भरून पाणी देत नाही. झाडांच्या मध्ये मातीचं न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरते, ते भरते आणि वर झाकणी ठेवते. मडक्याच्या छिद्रांतून पाणी मुळांपाशी झिरपतं; माती कोरडी असेल तर जास्त, ओली असेल तर कमी. व्हॉल्व्ह नाही, सेन्सर नाही, तरी कंट्रोल सिस्टिम चालू! वरची माती कोरडीच राहते, त्यामुळे तणाचं बी रुजतच नाही. वाळवंटात तणनाशकाचं अर्धं काम कोरडेपणाच करतो.

उरलेलं काम उन्हाचं. मे-जूनमध्ये वाफा रिकामा असतो. तेव्हा माती भुसभुशीत करून, सपाट करून चांगली भिजवायची, वर पातळ प्लास्टिक ताणून पसरायचं आणि कडा मातीत दाबायच्या. चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. इस्रायलमध्ये काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ही पद्धत शास्त्रीय निबंधातून मांडली. वरच्या ५ सें.मी. थराचं तापमान ५० अंशांच्या आसपास जातं आणि बरंचसं तणाचं बी व रोगाची बुरशी मरते.

आता व्हायवाचा प्रश्न : प्लास्टिक काळं घ्यायचं की पारदर्शक? बहुतेक जण काळं म्हणतात. पण काळं प्लास्टिक स्वतःच तापतं आणि बरीचशी उष्णता वाऱ्याला देऊन टाकतं. पारदर्शकातून ऊन थेट मातीपर्यंत पोचतं. बाष्पीभवन बंद झाल्यामुळे उष्णता आतच राहते, आणि आतल्या बाजूला जमलेले पाण्याचे थेंब परत जाणारं इन्फ्रारेड अडवतात. माती ओली का हवी? कारण ओल्या मातीतून उष्णता खोलवर जाते, आणि भिजलेलं बी कोरड्या बियापेक्षा लवकर मरतं.

या उपायाला मर्यादाही आहेत. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या वाचतात. त्या खणूनच काढाव्या लागतात. घोळही पुरती मरत नाही, पण तिची आई भाजी करते, म्हणजे प्रश्न मिटला. सराटा मात्र फुलावर असतानाच उपटायचा. काटे वाळून मातीत पडले की पुढच्या वर्षीचं बी तयार, आणि सायकलचं पंक्चरही.

किडींमध्ये मोठा शत्रू वाळवी. अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं की ती आलीच. म्हणून खत पूर्ण कुजलेलंच घालायचं आणि सोबत निंबोळी पेंड मिसळायची. मावा आणि पांढरी माशी यांवर ५ टक्के निंबोळी अर्क : ५० ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, सकाळी गाळून अर्क एक लिटर करायचा आणि चिमूटभर साबण घालायचा. फवारणी मात्र संध्याकाळी. कडुनिंबातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं, शिवाय भर उन्हात साबणाच्या पाण्याने पानं करपतात. लाल कोळी धुळीत आणि कोरड्या हवेत माजतो. त्याला पानांच्या खालच्या बाजूने नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. आणि ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर मारू नका, ते मावा खातात.

थोडक्यात, ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो तेच उन्हाळ्यात फुकट मजूर म्हणून राबतं; फक्त त्याला काम नेमून द्यावं लागतं. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन यासाठी काही कमी नाही. सुट्टीत घरी गेलात की परसात दोन छोटे वाफे भिजवा. एकावर काळं प्लास्टिक घाला, दुसऱ्यावर पारदर्शक. दुपारी तीन वाजता दोन्हींत ५ सें.मी. खोल थर्मामीटर लावून बघा. रीडिंग मात्र स्वतःचं घ्या, जर्नलसारखं शेजाऱ्याचं उतरवू नका!