पोस्ट पुसायची कोणी?

प्रश्न : भडकाऊ पोस्ट पोलीस थेट का पुसत नाहीत? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : पुसण्याचं बटण पोलिसांकडे नसतं, समाजमाध्यम कंपनीकडे असतं. १७ मार्च २०२५ला महालात दगडफेक, जाळपोळ झाली, तेव्हा महाराष्ट्र सायबरने १४०हून अधिक आक्षेपार्ह पोस्ट-व्हिडिओ हुडकले आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९खाली ते हटवण्याच्या नोटिसा धाडल्या. नोटिशीला केराची टोपली दाखवली, तर लोकांच्या पोस्टसाठी जबाबदार न धरलं जाण्याचं कंपनीचं कायदेशीर कवच धोक्यात येतं.

अर्थात, पोलिसांच्या हातीही मोकळा दांडका नको. २०१२मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्दच केलं.

वाचकाने पोस्टची लिंक, स्क्रीनशॉट जपून आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवावं. तिथे दाद लागली नाही, तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.