संशोधन-लेख कसा शोधावा?

प्रकल्पाला विषय मिळतो, पण लेख मिळत नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार. पुष्कळदा लेख असतात. आपले शब्द चुकलेले असतात. मनावरकरांना जवळचा असा एक विषय घेऊन हे पाहू : धार जिल्ह्यातील डायनोसॉरची अंडी.

बाघजवळच्या पाडल्या गावी शेतात सापडणारे गोल दगड लोक 'काकड भैरव' म्हणून पूजीत. ती डायनोसॉरची अश्मीभूत अंडी निघाली. आता गूगल स्कॉलरवर गावातला हा शब्द घालून भूशास्त्राचा लेख मिळेल, ही आशा व्यर्थ होय. नुसते 'बाघ' लिहिल्यास लेण्यांपासून वाघांपर्यंत सर्व काही समोर येते. म्हणून अभ्यासकांचे शब्द हवेत : प्राण्याचा गट 'टायटॅनोसॉर', खडकाचा थर 'लॅमेटा', काळ 'क्रेटेशियस'. यांपैकी दोन-तीन शब्द इंग्रजीत एकत्र लिहावेत व जोडशब्द अवतरणचिन्हांत घालावा. जुनी स्पेलिंगेही वापरून पाहावीत. प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली या खोऱ्यावर ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकात नदी 'नर्बदा' आहे. केवळ 'नर्मदा' शोधणाऱ्याच्या नजरेतून तो सुटू शकतो.

एक चांगला लेख हाती आला, की पुढची वाट तोच दाखवितो. पाडल्याच्या अंड्यात अंडे आढळल्याचा लेख २०२२ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये, तर ९२ घरटी व २५६ अंडी यांचा लेख २०२३ साली 'प्लॉस वन'मध्ये आला. दोन्ही विनामूल्य वाचता येतात. लेखाच्या शेवटची संदर्भसूची आपल्याला मागे नेते. स्कॉलरवर लेखाच्या नावाखालील 'साइटेड बाय' पुढे नेते, म्हणजे तो लेख नंतर कोणी आधारास घेतला ते सांगते. ही दुसरी सोय यूजीन गारफिल्ड यांची देणगी. वकिलांच्या निवाडासूचीवरून त्यांना ही कल्पना सुचली व १९६४ साली त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध झाली. आजचे 'वेब ऑफ सायन्स' व 'स्कोपस' याच तत्त्वावर चालतात. मात्र त्यांना वर्गणी लागते.

येथे एक सावधगिरी हवी. उल्लेखांचा आकडा म्हणजे सत्याचे प्रमाणपत्र नव्हे. एखादा लेख खोडून काढण्यासाठीही त्याचा उल्लेख होतो. आणि कालच्या उत्तम लेखाचा आकडा शून्य असतो. तसेच सूचीत नाही ते अस्तित्वातच नाही, असेही समजू नये. मराठी-हिंदीतील लेखन व जुनी गॅझेटिअरे यांसाठी ग्रंथपालांना विचारावे, कपाटे उघडावीत.

शेवटी एक साधी सवय. वहीत तारीख, वापरलेले शब्द आणि मिळालेले लेख टिपून ठेवा. 'यावर काहीच संशोधन झालेले नाही' हे वाक्य प्रबंधात लिहिण्यापूर्वी ती वही आपल्या प्राध्यापकांना दाखवा. आपण कोणत्या शब्दाने शोधले नाही, हे त्यांच्या ध्यानात चटकन येईल.