छातीचा फोटो आणि संगणक : क्ष-किरण विभागातील कामाची ओळख

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते लिहिताना लेखणीला संकोच वाटतो. बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर, तलाठ्याच्या सातबाऱ्यात संगणक आला हे आपण सारेच पाहतो. परंतु रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात त्याने काय पालट घडवला, याची माहिती आपल्या लोकांत फारशी नाही. आपण अजूनही त्याला 'फोटो' म्हणतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला, असेच आपल्या वस्त्यांतून बोलले जाते.

अलीकडे आपल्या समाजातील बरीच मुले-मुली बारावी विज्ञान झाल्यावर रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमाकडे वळत आहेत. त्यांचे आई-वडील आम्हांस विचारतात, "तिथे करायचे काय असते? बटण दाबायचे, एवढेच ना?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचा येथे प्रयत्न आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. पदार्थविज्ञानाशी आमची सोयरीक दहावीपर्यंतचीच. तथापि आमचा भाचा एका रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. त्याच्याकडून समजून घेतलेले व पुस्तकांतून पडताळलेले तेवढेच येथे मांडत आहोत.

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन यांना या किरणांचा शोध लागला. 1901 साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे चित्र उमटे ते फिल्मवर. कॅसेटमध्ये फिल्म भरायची, किरण सोडायचे, डार्करूममध्ये जाऊन फिल्म धुवायची आणि वाळत घालायची. 1980 नंतरच्या दशकात फिल्मच्या जागी स्फुरदीप्त पट्टी आली. कॅसेट तशीच दिसे, पण ती यंत्रात घातली की लेसर किरणाने वाचली जाई व चित्र संगणकात येई. पुढे डिटेक्टर नावाचा सपाट पत्रा आला. हा क्ष-किरणांचे रूपांतर थेट विद्युत संकेतांत करतो व काही सेकंदांत चित्र पडद्यावर दाखवतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून 1993 साली डायकॉम हे मानक ठरले, आणि चित्रे साठवणाऱ्या मध्यवर्ती संगणक-व्यवस्थेला पॅक्स हे नाव रूढ झाले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सकाळी तंत्रज्ञ यंत्र चालू करतो, स्वतःच्या नावाने व सांकेतिक शब्दाने संगणकात प्रवेश करतो. दुसऱ्याच्या नावाने काम करू नये, हे बँकेत जसे पहिल्या दिवशी शिकवतात तसेच येथेही आहे. यंत्र आपली अंतर्गत तपासणी करते, ठरलेल्या काळाने डिटेक्टरचे कॅलिब्रेशन करावे लागते. हे कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, एवढे सांगून पुढे जातो.

पडद्यावर प्रथम दिसते ती वर्कलिस्ट. नोंदणीच्या खिडकीवर रुग्णाची माहिती भरली की ती येथे आपोआप उतरते. नाव, रुग्ण क्रमांक, जन्मतारीख, लिंग, कोणती तपासणी. तंत्रज्ञाने त्यांतील एक ओळ निवडायची. वाचकांना वाटेल, यात काय अवघड? आम्हांस मात्र संपूर्ण कामातील सर्वांत धोक्याची जागा हीच वाटते. आपल्याकडे एका आडनावाची, एका नावाची माणसे एकाच वस्तीत किती असतात ते आपण जाणतो. आमच्या नात्यातील एका वृद्ध मावशींचे चित्र त्याच नावाच्या दुसऱ्या बाईंच्या क्रमांकाखाली गेले. मावशींचा अहवाल निर्दोष आला आणि त्या बाईंना थुंकीच्या तपासणीसाठी बोलावणे गेले. खोकला मात्र मावशींनाच होता. घोटाळा उघडकीस यायला पंधरवडा लागला.

म्हणून नियम असा की, किमान दोन खुणा पडताळाव्यात, आणि त्याही रुग्णाच्या तोंडून. "तुम्हीच शांताबाई का?" असे विचारले तर कानाने मंद झालेली म्हातारी "हो" म्हणते. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मसाल कोणतं?" असे विचारावे. जन्मसाल ठाऊक नसेल तर केसपेपरवरील क्रमांक जुळवावा. बँकेत एकाने नोंद केली की दुसरा ती मंजूर करतो, तेव्हा व्यवहार पुरा होतो. क्ष-किरण खोलीत बहुधा नोंद करणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. दुसरा डोळा नाही. अपघातात बेशुद्ध आलेल्या माणसाला तात्पुरता क्रमांक देतात, नाव कळल्यावर दोन्ही नोंदी रीतसर जोडाव्या लागतात. हे जोडण्याचे कामही अधिकार असलेल्यानेच करायचे असते आणि त्याची नोंद संगणकात कायम राहते.

नंतर शरीराचा भाग व दिशा निवडायची. छातीचा नेहमीचा फोटो पी.ए. म्हणजे किरण पाठीकडून शिरून छातीकडून बाहेर पडतील असा, उभे करून, सुमारे 180 सेंटिमीटर अंतरावरून काढतात. खाटेवरून उठता न येणाऱ्या रुग्णाचा ए.पी. काढावा लागतो. त्यात हृदय डिटेक्टरपासून दूर राहते, किरणांचे उगमस्थान जवळ असते, म्हणून हृदय आहे त्यापेक्षा मोठे दिसते. चित्र ए.पी. काढून संगणकात पी.ए. अशी नोंद राहिली, तर वाचणारा डॉक्टर हृदय वाढले आहे असा निष्कर्ष काढू शकतो. शिवाय प्रत्येक भागासाठी सॉफ्टवेअरची चित्र सुधारण्याची रीत वेगळी असते. गुडघ्याच्या कळीखाली छाती काढली तर चित्र विचित्र दिसणारच.

स्त्री रुग्ण असल्यास दिवस गेले आहेत का हे विचारणे आवश्यक आहे. हे विचारताना खोलीचे दार उघडे नसावे आणि बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज नसावा. आमच्या माता-भगिनी लाजेने खोटे सांगतात, अशी तक्रार करण्यापूर्वी प्रश्न कसा विचारला गेला हे पाहावे.

किरण सोडण्याची कळ दोन टप्प्यांची असते. अर्धी दाबली की नळी सज्ज होते, पूर्ण दाबली की किरण सुटतात. "श्वास घ्या, रोखून धरा" हे शब्द या दोहोंच्या मध्ये येतात. कळ मध्येच सोडली तर किरण तेथेच थांबतात. काही सेकंदांत चित्र पडद्यावर उमटते आणि येथून खरा संगणक सुरू होतो.

फिल्मच्या काळी किरण जास्त झाले की फिल्म काळीठिक्कर पडे, कमी झाले की पांढुरकी राही. फिल्म स्वतःच चूक सांगत असे. संगणक ती झाकतो. कमी-जास्त किरण झाले तरी सॉफ्टवेअर चित्राचा उजळपणा सारखा करून दाखवते. किरण फार कमी झाले तर चित्र रवाळ, वाळू पसरल्यासारखे दिसते आणि डॉक्टर तक्रार करतात. जास्त झाले तर चित्र उलट स्वच्छ, देखणे येते. कोणीच तक्रार करीत नाही. अशा वेळी तंत्रज्ञाचा हात नकळत जास्तीकडे झुकतो. वर्षागणिक मात्रा थोडी थोडी चढत जाते, आणि ती सोसतो रुग्ण, ज्याला त्याची काहीच कल्पना नसते. या चढत्या मात्रेचा धोका तज्ज्ञांनी फार पूर्वीच ओळखला आहे.

त्यावर उपाय म्हणून चित्रासोबत एक आकडा दिसतो. 2008 सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची पद्धत ठरवून दिली. डिटेक्टरवर किती किरण पोचले ते एक आकडा सांगतो, आणि ठरवलेल्या उद्दिष्टापासून आपण किती दूर गेलो ते दुसरा. हा दुसरा आकडा शून्य असेल तर उत्तम. अधिक 3 म्हणजे उद्दिष्टाच्या सुमारे दुप्पट, वजा 3 म्हणजे सुमारे निम्मे. अधिक 1 म्हणजे जवळपास सव्वापट. हा आकडा डिटेक्टरचा आहे, रुग्णाच्या शरीरात गेलेली मात्रा तो थेट सांगत नाही. शरीरात धातूची पट्टी असेल किंवा किरणांचा चौकोन वेडावाकडा पडला असेल, तर तोही फसतो.

मग आकडा चुकला तर फोटो पुन्हा काढावा का? नवखे तंत्रज्ञ येथे गडबडतात. वजा 2 आहे पण चित्र नीट वाचता येते, तर पुन्हा काढण्याचे कारण नाही. अधिक 4 आहे आणि चित्र वाचता येते, तर पुन्हा काढणे म्हणजे आधीच जास्त किरण मिळालेल्या माणसाला आणखी देणे. त्या आकड्याचा उपयोग पुढच्या रुग्णासाठी करायचा असतो. पुन्हा काढावेच लागले तर पहिले चित्र गुपचूप पुसू नये. नाकारण्याचे कारण निवडून ते नोंदवावे. रुग्ण हलला, श्वास अपुरा, खांद्याचे हाड फुफ्फुसावर आले, वगैरे. महिनाअखेरीस या कारणांची बेरीज पाहिली की कोठे शिकवण्याची गरज आहे ते कळते. पुसलेल्या चित्राने मात्र हिशोबच बुडतो.

संगणकात चित्र आल्यावर उजळपणा व गडद-फिकटाचा फरक माऊस सरकवून बदलता येतो. त्याला विंडो म्हणतात. डिटेक्टर 14 बिटांचा असेल तर करड्या रंगाच्या 16,384 छटा टिपतो, साधा पडदा मात्र 256 दाखवतो. म्हणून विंडो सरकवून कधी फुफ्फुस, कधी बरगड्या पाहाव्या लागतात. मूळ माहिती त्याने बदलत नाही. कडा ठळक करण्याच्या सोयीबाबत मात्र जपून असावे. खडी फोडणाऱ्या, खाणीत व काचकारखान्यात राबणाऱ्या मजुरांच्या फुफ्फुसात सिलिकोसिसचे बारीक ठिपके दिसतात. ते वाचण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे वर्गीकरण आहे आणि 2011 साली त्यात संगणकीय चित्रांचा समावेश झाला. कडा अति ठळक केल्या तर नसलेले ठिपके दिसू लागतात, अति गुळगुळीत केल्या तर असलेले दिसेनासे होतात. मजुराची नुकसानभरपाई या ठिपक्यांवर अवलंबून असते, हे पडद्यापुढे बसलेल्याने लक्षात ठेवले पाहिजे.

डावे-उजवे हा असाच एक विषय. किरण सोडण्यापूर्वी शिशाचे आर किंवा एल अक्षर चौकोनात ठेवावे, म्हणजे ते चित्रातच उमटते. सॉफ्टवेअरमध्ये नंतर अक्षर चिकटवता येते, परंतु ते तंत्रज्ञाच्या आठवणीवर उभे असते. पन्नास रुग्णांनंतर आठवण कितपत खरी मानावी? छातीत निदान हृदयाची खूण असते, एकट्या गुडघ्याच्या चित्रात कसलीच नसते. आणि हृदयाचीही खूण नेहमी खरी नव्हे. काही माणसांचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते. चित्र उलटे आले असे समजून तंत्रज्ञाने ते फिरवले, तर एका कळीसरशी त्या माणसाचे शरीरच बदलले. शिशाचे अक्षर असेल तर ते चित्राबरोबर उलटे होते आणि चोरी पकडली जाते.

2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने 15 वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग छाननीत छातीचा फोटो सॉफ्टवेअरकडून वाचून घेण्यास मान्यता दिली. मुंबईत तयार झालेली अशी एक प्रणालीही वापरात आहे. सॉफ्टवेअर संशयाचे गुण देते, निदानासाठी थुंकीची तपासणी करावीच लागते. मात्र या सॉफ्टवेअरला समोरच्या शांताबाई कोणत्या हे कळत नाही. ते काम पुन्हा माणसाकडेच.

या नोकरीत शरीराला अपाय होतो का, असेही पालक विचारतात. अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात 30 ही मर्यादा ठरवली आहे. छातीवर लावलेला बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो. आडोशामागे उभे राहून काम करणाऱ्यास काळजीचे कारण नाही. बिल्ला कपाटात ठेवून काम करणाऱ्याला मात्र आपल्याला किती किरण लागले हे कळायचे नाही, आणि नोकरी देणाऱ्याने बिल्लाच दिला नसेल तर तो हक्काने मागावा.

आता रुग्ण म्हणून आपल्या हाती काय येते ते पाहू. पुष्कळ ठिकाणी कागदावर छापलेले चित्र देतात. ते ओळखीपुरते ठीक, पण त्यातून वर सांगितलेल्या हजारो छटा गेलेल्या असतात. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो तर त्याहून गरीब, आणि नाव-वयासकट तो दहा गटांत फिरतो. छातीचे एक मूळ चित्र, सुमारे तीन हजार गुणिले तीन हजार बिंदूंचे असेल, तर 18 मेगाबाइट भरते. ते सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा दुव्याने डायकॉम स्वरूपात मागून घ्यावे. दुवा काही काळाने बंद पडू शकतो, तेव्हा लगेच उतरवून ठेवावा. सीडी मिळाली तर खोलीतून बाहेर पडण्यापूर्वीच तिच्यावरचे नाव, क्रमांक व तारीख वाचून पाहावी, आणि पुढच्या वेळी फोटो काढायला जाताना ती पिशवीत टाकावी. जुना डाग वाढला की तसाच आहे, हे डॉक्टरांना जुन्याशेजारी नवे ठेवूनच ठरवता येते.