शेवटचं चार बोटं लाकूड

नाचणे, रत्नागिरी

चि. बाळ,

मिरजोळ्याच्या कारखान्यात तुला बँडसॉवर उभं केल्याचं ताईकडून कळलं. आनंद झाला. पण "गोल करवतीपुढे हे अगदी गरीब मशीन आहे" असं तू तिला म्हणालास म्हणे. म्हणून हे पत्र.

गरीब दिसतं खरं. गोल करवत कधी लाकूड उलटं अंगावर फेकते. बँडसॉचं चाकांवर फिरणारं पट्टीसारखं ब्लेड वरून खाली धावतं आणि लाकूड टेबलावरच दाबून धरतं. त्यामुळे माणूस निर्धास्त होतो, आणि बोट जातं ते त्यातच. फणसाची फळी तू रेटतोस, लाकूड अडवतं, तू जोर वाढवतोस. शेवटचं चार बोटं लाकूड उरतं आणि अटकाव एकदम संपतो. हातातला जोर मात्र तसाच असतो. अंगठा ब्लेडच्या रेषेत असला की त्याच जोरानं पुढे जातो. तेव्हा स्विच दाबण्याआधी एवढंच ठरव: काप संपेल त्या क्षणी माझे दोन्ही हात कुठे असतील? रेषेच्या बाजूला असतील तरच सुरू कर. शेवटचा भाग काठीनं ढकल. सागाच्या टाकाऊ तुकड्याची हातभर पट्टी, टोकाला खाच, बस्स. ती मशीनलाच टांगलेली असू दे. शोधावी लागली तर कोणी वापरत नाही.

ब्लेडला आधार देणारा वरचा गाईड लाकडापासून जेमतेम पाव इंच वर ठेव. पुष्कळ ठिकाणी तो कायम वर चढवलेला दिसतो, कारण दर जाडीला खाली-वर करायचा कंटाळा. मग वीतभर उघडं ब्लेड समोर धावत राहतं आणि कापही वाकडा येतो.

गोल सोटा नुसता हातात धरून कापू नकोस. दाते खाली ओढतात, सोटा गरकन फिरतो आणि बोटांना सोबत घेऊन जातो. खोबण पाडलेल्या ठोकळ्यात बसवून काप. वळणाच्या कामाला अरुंद ब्लेड लाव. रुंद ब्लेड जबरदस्तीनं वळवलंस तर अडकेल. अडकलंच तर मशीन पूर्ण थांबव, मग लाकूड मागे घे. चालू मशीनवर मागे ओढलं की ब्लेड चाकांवरून उतरू शकतं.

ब्लेडचा सांधा रोज बघत जा. विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजानं या करवतीचं पेटंट 1809 च्या सुमाराला घेतलं, पण टिकाऊ ब्लेड बनवणंच जमेना. 1846 मध्ये क्रेपँ नावाच्या फ्रेंच बाईनं सांधण्याची रीत काढली, तेव्हा कुठे ही करवत कारखान्यात आली. चालताना दर फेऱ्याला टक्-टक् ऐकू आलं तर बंद कर. बहुतेक वेळा सांधा किंवा ब्लेड कुठेतरी चिरलेलं असतं.

जुनी घरं पाडून आलेल्या वाशांत खिळे असतात, तेव्हा आधी चुंबक फिरव. आणि पावसाळ्यात लाईट गेली की सगळ्यात आधी स्विच बंद. तू ब्लेडपाशी अडकलेली ढलपी काढत असशील आणि लाईट येईल, तर साधा स्विच असलेलं मशीन आपोआप सुरू होतं. स्विच बंद केल्यावरही चाकं बराच वेळ फिरतात, आणि फिरतं ब्लेड थांबल्यासारखं दिसतं. भुसा झाडायला लगेच हात घालू नकोस.

आजीनं बांधलेला मनगटातला गंडा आणि कडं कामाआधी काढून ठेव. हातमोजे फक्त ब्लेड बदलताना, प्लग काढल्यावर घाल, कापताना नकोत. चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट असावेत, असं 1948 च्या कारखाना अधिनियमातही होतं. आजीला गंड्याचं मी समजावतो.

आंब्याच्या हंगामात पेट्यांची घाई लागेल आणि मालक हाकारे देतील. तेव्हाही काठी सोडू नकोस. तुमच्या मशीनचा गाईड खाऱ्या हवेनं गंजून जाम झाला असेल, तर उद्याच मालकांना सांगून मोकळा करून घे, आणि झाला की मला फोन कर.

तुझा,
मामा