पडीक जमिनीतून भरलेली कणगी
(सेंद्रिय शेती आणि गरीब कुटुंबाची अन्नसुरक्षा)

गरिबाला जमीन मिळाली की त्याची भूक मिटली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात जमीन सातबाऱ्यावर राहते आणि कुटुंब दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाते. असे का व्हावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेती परवडते की नाही हे केवळ जमिनीच्या आकारावर ठरत नाही. भांडवल, अवजारे आणि श्रम यांचा तिच्याशी मेळ बसावा लागतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. याच दृष्टीने एक उदाहरण आपण अभ्यासू.

बीदरच्या शेजारी, आजच्या तेलंगणात, जहीराबाद हा कोरडवाहू भाग आहे. तेथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. गावोगावच्या गरीब, बहुतांशी दलित स्त्रियांचे 'संघम' हा तिचा पाया. या कुटुंबांपैकी अनेकांकडे जमीन होती. पण ती मुरमाड, उताराची आणि पडीक. नांगरटीला पैसा नाही, खत नाही, बी नाही. स्त्रियांनी बांध घातले, शेणखत टाकले आणि ज्वारी, तूर, मूग, राळा अशी पिके मिसळून घेतली.

धान्याची परतफेड

१९९० नंतरच्या दशकात या स्त्रियांनी गावचा धान्यनिधी उभा केला. आम्हा बँकेतील माणसांना त्यातून शिकण्यासारखे आहे. आमच्याकडे पीककर्जाची परतफेड रोखीने होते; हंगाम बुडाला की थकबाकी वाढते. तेथे पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी दिलेली रक्कम पाच वर्षांत ज्वारीच्या रूपाने फेडायची होती. हे धान्य गावातच साठवले गेले आणि घरात दाणा नसतो त्या दिवसांत गरिबांना कमी भावाने मिळाले. कोण अधिक गरीब, हेही गावाने एकत्र बसून ठरवले. म्हणजे एकाच रकमेतून जमीन सुधारली, मजुरी निर्माण झाली आणि शेजाऱ्याच्या घरी भाकरी पोचली.

सेंद्रियच का?

१) खर्च कमी : शेणखत, पालापाचोळा, गांडूळखत घरचे. उधारीवर खत-औषध आणले आणि पाऊस हुकला, तर पीकही जाते आणि कर्जही उरते.

२) बियाणे आपले : राख व कडुलिंबाचा पाला घालून बी कणगीत टिकवता येते. संघमची बियाणे-पेढी बी उसने देते. सुगीनंतर ते वाढवून परत करायचे.

३) ताट पुरे : २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना रेशनवर धान्य मिळते, तो मोठाच आधार आहे. परंतु भात-गव्हाने पोट भरते; डाळ आणि पालेभाजी शेतातूनच यावी लागते. मिश्र पिकातच घोळ, तांदुळजा उगवतात. तणनाशक मारले की गरिबाची ही फुकटची भाजीही मरते.

अर्थात हा मार्ग सोपा नाही. जमिनीचा कस एका वर्षात परत येत नाही. जनावरे नसतील तर खत कोठून आणणार? निंदणीचे श्रम बहुतेक बाईच्याच पाठीवर पडतात. म्हणून एकट्या कुटुंबाने नव्हे, गटाने हे करावयाचे असते.

आपण काय करावे?

विद्यार्थ्यांनी सुटीत गावी गेल्यावर आपल्या वस्तीत किती एकर जमीन पडीक आहे आणि ती कशामुळे, याची यादी करावी. वडीलधाऱ्या बायांना विचारून जुन्या बियाण्यांची नावे लिहून घ्यावीत. नोकरदार सभासदांनी पाच-दहा कुटुंबांच्या गटाला पहिल्या नांगरटीपुरते साहाय्य करावे. मात्र परतफेड धान्यात आणि गावातच व्हावी. दान दिलेली पिशवी महिन्याभरात संपते. उसने दिलेले बी दर सुगीला परत येते, आणि परत करणाऱ्याची मानही ताठ राहते.