आतड्याच्या वेशीवरचे पहारेकरी

पहिला पाऊस पडून नवे पाणी आले, की आमच्या दवाखान्यात जुलाबाच्या रुग्णांची रांग लागते. अशाच एका सकाळी एक आजी सात महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बरोबर सूनबाई होत्या. बाळाला दोन दिवस पाण्यासारखे जुलाब होत होते. डोळे किंचित खोल गेले होते, जीभ कोरडी पडू लागली होती. मी सूनबाईंना विचारले, "अंगावर पाजता ना?" उत्तर आजींनी दिले, "नाही डॉक्टर, कालपासून बंद केलंय. हिचंच दूध बाधलं त्याला. तुम्ही एक इंजेक्शन देऊन टाका, म्हणजे थांबेल सगळं."

जुलाबापेक्षा दूध बंद केल्याची मला जास्त काळजी वाटली. का, ते कळण्यासाठी आपल्या आतड्यात काय चालते ते पाहू या.

पातळ भिंत, मोठा धोका

मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे वीस फूट लांब असते. त्याचे आतले अस्तर घड्यांचे आणि मखमलीसारखे लवदार असते. ही सारी घडी उलगडून पसरली तर किती जागा व्यापेल? स्वीडनमधील संशोधकांनी 2014 साली संपूर्ण पचनमार्गाच्या अस्तराचे क्षेत्रफळ सुमारे 32 चौरस मीटर असल्याचे दाखवले. म्हणजे अठरा फूट लांब आणि अठरा फूट रुंद अशा खोलीची जमीन! आपल्या कातडीचे क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस मीटर भरते.

एवढ्या मोठ्या अस्तराची जाडी मात्र फक्त एका पेशीची असते. अन्नरस रक्तात जायचा तर भिंत पातळच हवी. पण पातळ भिंतीतून जंतूही आत घुसू शकतात. म्हणून निसर्गाने या भिंतीला लागूनच रोगप्रतिकारक पेशींचा मोठा पहारा बसवला आहे.

चौकीवरचे काम

योहान कोनराड पेयर या स्विस वैद्याने 1677 साली लहान आतड्यातील गाठींच्या पुंजक्यांचे वर्णन केले. त्यांना आजही 'पेयरचे पुंजके' म्हणतात. हे पुंजके आतड्याच्या शेवटच्या भागात अधिक असतात. त्या पहाऱ्याच्या चौक्याच समजा. चौकीवरच्या अस्तरात 'एम' नावाच्या खास पेशी असतात. आतड्यातून जाणाऱ्या मालातून त्या जंतूंचे नमुने उचलतात आणि आतल्या पांढऱ्या पेशींसमोर ठेवतात. तिथे जंतूची ओळख पटते. ओळख पटलेल्या पेशी रक्तातून फिरून पुन्हा आतड्याच्या अस्तरात येऊन बसतात आणि 'आयजीए' नावाची प्रतिपिंडे तयार करू लागतात.

निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यात रोज सुमारे 3 ते 5 ग्रॅम आयजीए तयार होते. ते जंतूंना चिकटते, त्यांना भिंतीला धरू देत नाही, आणि जंतू शौचावाटे निघून जातात. ना ताप, ना सूज. आपल्याला पत्ताही लागत नाही.

पहारेकऱ्याला आणखी एक अक्कल लागते. पाहुणा कोण आणि चोर कोण, हे त्याला कळले पाहिजे. आपण खाल्लेली भाकरी आणि आतड्यात कायम राहणारे उपयोगी जंतू यांच्यावर त्याने हल्ला करता कामा नये. हा आवर घालण्यात काही विशिष्ट 'टी' पेशींचा मोठा वाटा असतो. या पेशींवरील संशोधनासाठीच 2025 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक सकागुची, ब्रुन्को आणि रॅम्सडेल या तिघांना मिळाले.

हा पहारा अभेद्य आहे, असे मात्र समजू नये. टायफॉईडचे जंतू नेमके याच चौक्यांतून आत शिरतात आणि पुंजक्यांतच वाढतात. उपचाराविना दुखणे लांबले, तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथेच जखमा होऊन आतड्याला भोक पडण्याची भीती असते. म्हणून आठवडाभर टिकणारा ताप अंगावर काढू नये.

आईची शिदोरी

आता आजींच्या नातवाकडे वळू. जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात स्वतःचे आयजीए जवळजवळ नसतेच. पहारा उभा राहायला वेळ लागतो. तोवर बाळाला आईची शिदोरी लागते. आई ज्या घरात राहते, जे पाणी पिते, तिथले जंतू आधी तिच्या आतड्यातल्या चौकीवर ओळखले जातात. तिथल्या काही पेशी रक्तावाटे तिच्या स्तनांत जातात आणि त्याच जंतूंविरुद्धचे आयजीए दुधात सोडतात. म्हणजे बाळाला ज्या जंतूंशी सामना करायचा, नेमके त्यांच्याच विरुद्धचे औषध आईच्या दुधात असते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या पिवळसर चिकात ते सर्वांत जास्त असते. काही घरांत तो चीक पिळून टाकतात. असे कधीही करू नये.

जुलाब सुरू झाल्यावर अंगावरचे तोडणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर पहारेकऱ्याला घरी पाठवणे!

आता एक कबुलीही देतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मीही प्रत्येक जुलाबाला अँटिबायोटिक लिहून देत असे. रुग्णाला समाधान, मलाही समाधान. पण मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. उलट त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मारले जातात. शौचात रक्त, कॉलरा, टायफॉईड अशा वेळी ते जरूर लागते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

हे लक्षात ठेवा

1. जुलाबात अंगावरचे दूध चालूच ठेवा, नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजा. सहा महिन्यांवरच्या बाळाला मऊ खिमट, वरणभातही द्या.

2. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर चमच्याचमच्याने पाजा. पाणी 24 तासांत संपवा, उरलेले फेका. दुकानातले गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

3. सहा महिन्यांवरील मुलाला झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करा.

4. रोटाव्हायरसचे तोंडावाटे देण्याचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात चुकवू नका. ही लस 2016 पासून भारताच्या सरकारी कार्यक्रमात आली. ती आतड्यातल्या पहारेकऱ्यांनाच जंतूची ओळख करून देते. पोलिओच्या तोंडी डोसाचेही तेच काम. 2011 च्या जानेवारीनंतर भारतात जंगली पोलिओचा एकही रुग्ण आढळलेला नाही, त्यामागे हेही कारण आहे.

5. मूल मलूल झाले, काही पिईना, सारखी उलटी होऊ लागली, सहा तास लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नका.

त्या दिवशी सूनबाईंना दवाखान्यातच बाळाला पाजायला बसवले. सोबत चमच्याने ओआरएस. दोन तासांत बाळाने लघवी केली. इंजेक्शन दिले नाही, म्हणून आजी जरा नाराज होऊनच गेल्या. चौथ्या दिवशी त्याच आजी शेजारणीला आणि तिच्या नातीला घेऊन आल्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "हिला सांगितलंय डॉक्टर, अंगावरचं तोडू नको म्हणून."